पाच हजारांतले पंचवीस पैसे

प्रश्न : नोकरी लागून दीड वर्ष झालं. तिघी मिळून फ्लॅट भाड्याने घेतलाय. महिन्याला पाच हजार बाजूला पडतात आणि वीस वर्षं त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. कोणता फंड घेऊ? (एक वाचक, हडपसर)

फंडाचं नाव शेवटी. आधी बँकेत किती शिल्लक आहे ते पाहा. भाडं, मेस, पेट्रोल धरून महिन्याचा खर्च २५ हजार असेल, तर सहा महिन्यांचे दीड लाख एफडीत वेगळे हवेत. तेवढे नसतील तर तोवर पाचातले चार हजार तिकडे आणि एकच हजार एसआयपीत (दरमहा ठरलेली रक्कम फंडात टाकणं). मंदीत नोकऱ्या जातात आणि बाजारही पडलेला असतो. हाताशी पैसे नसले की नेमके तेव्हाच युनिट (फंडातले तुमचे हिस्से) विकावे लागतात.

मग केवायसी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, तेही नावापाशी. पॅनवर वडिलांचं पूर्ण नाव, बँकेत नुसतं आद्याक्षर, आधारवर तिसराच प्रकार. फॉर्म भरायच्या आधी तिन्ही ठिकाणी नाव सारखं करून घ्या.

नवशिक्यासाठी आम्ही एकच सुचवू : निफ्टी ५० इंडेक्स फंड. निफ्टी ५० या शेअर बाजाराच्या निर्देशांकातल्या पन्नास कंपन्या त्याच प्रमाणात घेऊन बसायचं, एवढंच त्याचं काम. अशा फंडांत तुलना करायची ती खर्चाच्या टक्केवारीची आणि फंड निर्देशांकाच्या किती मागे राहतो याची. मागच्या वर्षीचा परतावा बघून रांग लावण्यात अर्थ नाही, सगळ्यांकडे माल तोच आहे.

ॲपमध्ये शोधलंत की एकाच फंडाचं नाव चार वेळा दिसेल. रेग्युलर आणि डायरेक्ट, दोन्हींत ग्रोथ आणि आयडीसीडब्ल्यू. तुम्हाला ‘डायरेक्ट प्लॅन – ग्रोथ’ हवाय. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन फंडाच्या खर्चातून जातं, डायरेक्टमध्ये मध्ये वितरकच नसतो. ते रोजच्या एनएव्हीतूनच (एका युनिटच्या भावातूनच) वजा होत असल्यामुळे वेगळं बिल कधी येत नाही. ग्रोथमध्ये नफा फंडातच राहतो; आयडीसीडब्ल्यू म्हणजे पूर्वीचा डिव्हिडंड (लाभांश). मधून मधून मिळणारे ते पैसे तुमच्याच एनएव्हीतून निघतात, शिवाय त्यावर स्लॅबप्रमाणे कर.

खर्चाचा फरक किती पडतो? पाच हजार दरमहा, वीस वर्षं, म्हणजे खिशातून १२ लाख. निव्वळ हिशेबापुरता ११ टक्के दर धरला तर साधारण ४३ लाख होतात, १० टक्के धरला तर ३८. एका टक्क्याचे पाच लाख. इंडेक्स फंडात डायरेक्ट-रेग्युलरमधला फरक सहसा याहून कमी असतो, ॲक्टिव्ह फंडात (जिथे व्यवस्थापक शेअर निवडतो) तो एक टक्क्याच्या आसपास जाऊ शकतो. पडत्या बाजारात हात धरून थांबवणारा वितरक असेल तर त्याचं कमिशन वसूल होतं; नुसता फॉर्म भरून देणारा असेल तर नाही.

पगार १ तारखेला होत असेल तर एसआयपी ५ ते ७ च्या दरम्यान ठेवा. मँडेटची (खात्यातून हप्ते कापायला बँकेला दिलेल्या परवानगीची) कमाल मर्यादा मात्र पाच नको, १५ हजार टाका. पगार वाढला की एसआयपी वाढवताना नवं मँडेट करावं लागत नाही. खात्यात पैसे नसले तर बँक दंड लावते, आणि मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले तर ती बंदच होते.

प्रश्न : पाच हजार कापले गेले, पण स्टेटमेंटवर गुंतवणूक ४,९९९.७५ दिसते. पंचवीस पैसे कुठे गेले? (एक वाचक, कोथरूड)

हिशेब पक्का आहे तुमचा! ते मुद्रांक शुल्क. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के लागतं.

प्रश्न : आठ महिने झाले, एसआयपी उणे दाखवतेय. बंद करावी का? (एक दांपत्य, धनकवडी)

हे पैसे कधी लागणार, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावरच आहे. दोन-तीन वर्षांत फ्लॅटच्या डाउन पेमेंटला लागणार असतील तर ते शेअर बाजारात यायलाच नको होते. पुढचे हप्ते आरडीत वळवा. पंधरा वर्षांनी लागणार असतील तर आठ महिन्यांच्या आकड्याला काही अर्थ नाही. उलट, पडलेल्या भावात त्याच पैशांत जास्त युनिट येतात.

पडणं म्हणजे किती, तेही माहीत असू द्या. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,४०० च्या आसपास होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. तो घाव त्याच वर्षात भरला, पण दर वेळी इतकं लवकर भागत नाही. जानेवारी २००८ मध्ये निफ्टीने ६,३०० ओलांडला, ऑक्टोबरपर्यंत निम्म्याच्याही खाली गेला, आणि ती उंची कायमची मागे टाकायला २०१४ उजाडलं. ‘पाच वर्षांत नक्की’ असं कोणी सांगितलं तर हे आठवा.

विकायचंच ठरलं तर : प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात. वर्षाच्या आत विकलेल्या युनिटच्या नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर १२.५ टक्के, तोही आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावरच.

प्रश्न : बाबा म्हणतात, एफडी आणि पीपीएफ सोडून काही नको. त्यांचं चुकतंय का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

अर्धं बरोबर आहे. पीपीएफ चांगलंच, तुमच्या गुंतवणुकीचा स्थिर भाग तोच ठेवा. एफडी जवळच्या गरजेला. पण ती ‘शंभर टक्के सुरक्षित’ असं बाबा म्हणत असतील तर त्यांना पुण्याच्या रुपी सहकारी बँकेची आठवण करून द्या : २०१३ पासून रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, २०२२ मध्ये परवाना रद्द. ठेवविमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच, मग त्याच बँकेच्या कितीही शाखांत पावत्या असोत.

पीपीएफचं व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यांतल्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. वर्षाचे दीड लाख एकदम भरणार असाल तर ५ एप्रिलच्या आत भरा. चेक देणार असाल तर तो तोवर वटायला हवा. सहा तारखेला जमा झाले की एप्रिलचं व्याज गेलं.