शेवाळ माजलं, पण फॉस्फेट शून्य!

प्रश्न : माझ्या २०० लिटरच्या समुद्री टाकीत दगडांवर लांब, केसांसारखं हिरवं शेवाळ माजलंय. दोन क्लाऊनफिश आहेत, थोडी मऊ प्रवाळं आहेत. पाणी घरच्या आरओचं वापरतो. शेवाळाचं खाद्य असलेल्या फॉस्फेटची चाचणी शून्य दाखवते. दुकानदार शेवाळ मारायचं औषध देतोय. घेऊ का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : औषध अजिबात घेऊ नका. अशा बऱ्याच औषधांत तांबं असतं, त्याने गोगलगायी, झिंगे आणि प्रवाळं दगावतात. तांबं नसलं तरी एकदम मेलेलं शेवाळ टाकीतच कुजतं, त्यातलं फॉस्फेट परत पाण्यात उतरतं, शिवाय माशांचा ऑक्सिजन कमी होतो.

त्या शून्यावर तर मुळीच विसंबू नका. पाण्यात येणारं फॉस्फेट शेवाळ लगेच शोषून घेतंय, म्हणून किटमध्ये दिसत नाही.

माझा संशय तुमच्या आरओवर आहे. पिण्याच्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी मिसळायची सोय असते. पिण्याला ते छान, पण टाकीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्यच हवा आणि त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे, लागतं. टाकीतून उडून जातं ते निव्वळ पाणी. तुम्ही रोज जी भर घालता, तिच्यातलं फॉस्फेट आणि सिलिकेट मागे साचत राहतं. टाकी थंड ठेवायला वर पंखा लावला असेल, तर भर आणखी जास्त लागते. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, आधी तो आणा.

मग हाताने काम करा. सुटा दगड टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत धरा, शेवाळाचा झुपका बुडाशी चिमटीत पकडून उपटा आणि उरलेलं टूथब्रशने घासा. हे टाकीत करू नका, सुटलेले तुकडे दुसरीकडे रुजतात. टर्बो गोगलगायी त्यानंतर सोडा. त्या आखूड शेवाळ चटाचट खरवडतात, लांब केसांना सहसा तोंड लावत नाहीत. गोठवलेलं खाणं बारीक चाळणीत धुऊन द्या, दिवे आठ तासांवर आणा.

फॉस्फेट शोषणारं जीएफओ (लोहाच्या ऑक्साइडचे दाणे) वापरायचं तर थोडंथोडंच. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या मध्ये असलं की मी समाधान मानते. ते खरोखरच शून्यावर गेलं, तर बुडबुडे धरणारा तपकिरी, चिकट थर पसरू शकतो. ते डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय जीव. शेवाळ परवडलं, पण ते नकोत! दगडांत मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं, तेव्हा शून्य टीडीएसचं पाणी वापरायला लागल्यावरही काही महिने शेवाळ उपटत राहावं लागेल.