बोल्ड करू नका, माप बघा

प्रश्न : आमची सराफी पेढी आहे. नव्या कॅटलॉगसाठी मुलीने ‘व्होग’ मासिकासारखी नाजूक इंग्रजी अक्षरं निवडली. दागिन्यांची नावं देखणी दिसतात, पण त्याखाली काळ्या पानावर सोनेरीत घेतलेली वजन-शुद्धतेची ओळ वाचताच येत नाही. छापखान्यातले म्हणतात, सगळं बोल्ड करा. शिवाय मराठी नावांना शोभेल असा फॉन्ट कोणता?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीची नजर चांगली आहे, अक्षरं बदलू नका. पण बोल्डही करू नका. या वळणात बोल्ड केलं की उभी जाड रेघ आणखी जाड होते आणि केसासारखी आडवी रेघ होती तशीच राहते. इंग्रजी 3 आणि 8 पाहा. फरक काय तो डावीकडच्या बाजूचा. तीच रेघ शाईत बुडाली तर गिऱ्हाईक वजन चुकीचं वाचेल. सराफाच्या कॅटलॉगात हे चालणारच नाही.

हे वळण अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसला फर्मँ दिदो आणि इटलीत पार्म्याला बोदोनी या मुद्रकांनी घडवलं. तेव्हा प्रत्येक मापाचा खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, वेगळा कोरत, आणि लहान मापात बारीक रेघ जराशी भरीव ठेवत. आज आपण मथळ्याचा आराखडाच दाबून सात पॉइंटाला, म्हणजे बारीक मजकुराच्या मापाला, आणतो, आणि तिथेच सगळं बिनसतं. ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी अक्षररचनाकार जोनाथन हफ्लर यांनी दिदोचं वळण नव्याने काढलं, तेव्हा सात मापांसाठी सात वेगळे आराखडे केले. तुम्हाला खर्चही नको : ‘बोदोनी मोडा’ हा फॉन्ट मोफत मिळतो आणि त्यात ६ ते ९६ पॉइंटांपर्यंत मापाप्रमाणे रेघ बदलते. वजनाच्या ओळीला त्यातलं लहान मापाचंच रूप लावायला सांगा.

ती ओळ काळ्या पानावरूनही काढा. पांढऱ्या कागदावर एकट्या काळ्या शाईत घ्या. काळं पान चार रंगांच्या शाया एकावर एक छापून करतात, आणि प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते. अशा काळ्यातून अक्षर कोरलं, तर एक प्लेट किंचित सरकली तरी बारीक रेघ बुजते. सोनेरी फक्त नावांना, तीही मोठ्या मापात. प्रूफ मागाल ते कॅटलॉगच्याच कागदावर मागा, कारण स्क्रीनवर हे काहीच कळत नाही.

आता मराठी. इंग्रजीचा हिशेब, म्हणजे उभं जाड आणि आडवं बारीक, देवनागरीला जसाच्या तसा लावला तर शिरोरेघच विरते आणि शब्द सुटा पडतो. आपलं जाड-बारीक बोरूच्या तिरक्या कापातून आलेलं आहे. मोठ्या नावांना ‘रोझा वन’ लावून पाहा. त्यात रेघांचा फरक खूप आहे, देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, आणि तोही मोफत आहे. बारीक मजकुराला मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका, तिथे ‘मुक्ता’ घ्या. ‘ज्ञ’, ‘क्ष’ आणि रफार असलेली नावं आधी छापून बघा. ती वाचता आली तर बाकीची येतीलच.