लंगडणं थांबलं, आता घोडा पळवू का?

प्रश्न : डॉक्टर, आमचा आठ वर्षांचा घोडा शिमग्याच्या आधी किनाऱ्यावरच्या घोडागाडी शर्यतीत धावला. रात्री त्याचा पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली, मागच्या बाजूला धनुष्यासारखा फुगला. पाय गरम लागत होता आणि तो टेकवत नव्हता. तीन आठवडे तबेल्यात बांधून ठेवलाय. आता सूज उतरली, लंगडतही नाही. वडील म्हणतात, तापल्या लोखंडानं डाग दे, नस पक्की होईल. मोतद्दार म्हणतो, रोज समुद्रात उभा कर. मे महिन्यात शर्यत आहे. पळवू का?
– एक वाचक, नागाव (ता. अलिबाग)

उत्तर : मे महिन्यात नको. पुढच्या शिमग्याचं बघू.

तुमच्या वर्णनावरून नळीच्या हाडामागची कंडरा, म्हणजे तुम्ही म्हणता ती नस, दुखावलेली दिसते. भरधाव पळताना सगळ्यात जास्त ताण तिच्यावर येतो, तिच्या गाभ्याचं तापमान तेव्हा 45 अंशांपर्यंत गेल्याचं मोजलेलं आहे. तंतू तुटले तरी दुखणं काही आठवड्यांत थांबतं. त्या जागी भरणारं नवं ऊतक मात्र कच्चं आणि अस्ताव्यस्त असतं. ते ताणाच्या दिशेनं रचलं जाऊन घट्ट व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं. लंगडत नाही म्हणून गाडीला जुंपलेले घोडे याच टप्प्यावर पुन्हा जायबंदी होतात, आणि दुसरी इजा बहुधा पहिलीपेक्षा मोठी असते. म्हणून आधी सोनोग्राफी करून घ्या, दोन्ही पुढच्या पायांची. दुसऱ्या पायाची नसही पुष्कळदा थोडी बिघडलेली सापडते.

डाग देऊ नका. ब्रिस्टल विद्यापीठाच्या 1983 च्या अभ्यासात डागण्यानं कंडरा लवकर किंवा चांगली भरत नाही हेच दिसलं. जनावर भाजतं, एवढंच. वडिलांना माझं नाव सांगून समजवा.

समुद्राचं म्हणाल तर आपलं पाणी कोमट, त्यानं थंडावा मिळत नाही. लाटेनं पाय घसरला की उलट झटका बसतो. बंदरावर मासळीसाठी बर्फ मिळतो, तो फोडून बादलीत पाण्यात घाला आणि फिरवून आणल्यावर पाय वीस मिनिटं त्यात ठेवा. नंतर पुसून अगदी कोरडा करा. आपल्या दमट हवेत ओल्या केसांखाली कातडी लवकर चिघळते.

फिरवणं हेच खरं औषध आहे. सोनोग्राफी बघून डॉक्टरांनी हो म्हटलं की हातात धरून, सपाट आणि कडक जमिनीवर, दिवसाला दहा मिनिटांपासून सुरुवात करा. हळूहळू वाढवत तिसऱ्या महिन्याअखेर अर्ध्या-पाऊण तासावर या. कोरड्या, भुसभुशीत वाळूत अजिबात नको, तिथे टाप रुतते आणि नस ओढली जाते. ओहोटीची ओली, घट्ट वाळू चालेल, पण उतरती नको. तिसऱ्या महिन्यानंतर पुन्हा सोनोग्राफी, मगच थोडी दुडकी. तोवर पाऊस लागलेला असेल. जांभ्याच्या शेवाळलेल्या पाखाडीवर त्याला नेऊ नका, डांबरी रस्ता बरा. चौखूर पळणं दिवाळीच्या आधी नाही.

नालबंदाला दर पाच-सहा आठवड्यांनी बोलवा. खुराचा पुढचा भाग लांब राहिला की पाय उचलताना नसेवर ताण वाढतो. काम बंद आहे तर चंदीही (दाणा) कमी करा, नाहीतर पोटदुखी आणि खूरदाह यांना आमंत्रण. गवत भरपूर द्या.

एक विनंती कळकळीनं करतो. दुखतंय म्हणून माणसांचं डायक्लोफेनॅक टोचू नका. मेलेल्या जनावरांच्या मांसातून ते गिधाडांच्या मूत्रपिंडावर घाव घालतं, म्हणून जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे. आपल्याच जिल्ह्यात, म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडं टिकवायला माणसं झटली आहेत. गरज पडली तर मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक, तेही डॉक्टर सांगतील तितकंच. वेदना दाबून घोडा फिरवला तर नस फाटतेय हे त्याला कळत नाही आणि तुम्हालाही नाही.

सोनोग्राफीचा अहवाल आणि दोन्ही पायांचे बाजूनं काढलेले फोटो पाठवा. चालणं कितीनं वाढवायचं ते त्यावरून कळवतो.