फाइल तालुक्याच्या नावाने लाव

तुला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं. "सर, माझं काम नेमकं काय? या टेबलावरची फाइल त्या टेबलावर नेणं?" हे वाचल्यावर राहवलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो. किनारपट्टीचा प्रस्ताव तुझ्यापुढे आहे, राज्यातून रोज फोन येतायत, ना हरकत पत्राचा मसुदा साहेबांना शुक्रवारपर्यंत हवाय. आणि त्यातल्या दोन तालुक्यांत दुसऱ्या निधीचं काम आधीपासून चालू आहे, हे फक्त तुझ्या लक्षात आलंय.

मी एकच सांगेन. फाइल निधीच्या नावाने लावू नकोस, तालुक्याच्या नावाने लाव. एका तालुक्याला एक पान.

पर्यावरण आणि हवामानाच्या कामांना पैसा देणारे आंतरराष्ट्रीय निधी तीन: हरित हवामान निधी, जागतिक पर्यावरण सुविधा, आणि हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठीचा अनुकूलन निधी. तिघांचे नमुने वेगळे, मुदती वेगळ्या, भाषासुद्धा वेगळी. पण देशाच्या संमतीचं पत्र तिघांनाही एकाच मंत्रालयातून जातं, तुझ्या पर्यावरण मंत्रालयातून. ते पत्र गेल्याशिवाय हरित हवामान निधीच्या, दक्षिण कोरियातल्या सोंगडोच्या मंडळापुढे आपला प्रस्ताव उभाच राहत नाही. एवढी ताकद आपल्या हातात असताना आपण तीन कपाटं करतो, आणि एका कपाटाला दुसऱ्यात काय आहे ते कळत नाही. तू ज्युनिअर आहेस असं लिहितेस. अगं, तिन्ही कपाटांच्या किल्ल्या ज्युनिअरकडेच असतात!

हे मी शिकलो ते फार उशिरा. कोकणात एका खाडीकाठच्या गावी पाहणीला गेलो होतो. बचत गटातल्या एका बाईंनी फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढली आणि खेकडापालनाच्या प्रशिक्षणाची तीन प्रमाणपत्रं माझ्यापुढे ठेवली. तीन संस्थांची, तीन वर्षांतली, आणि तिन्हींवर त्यांचं आडनाव वेगवेगळं लिहिलेलं. पिंजरे पडवीत होते, त्यांत कोंबडीची पिल्लं. त्या म्हणाल्या, "चवथो कोण येतलो तेका सांगा, कागद नको, कुर्ल्यांची पिल्लां हाड." म्हणजे खेकड्यांची पिल्लं आण. त्या तिन्ही कामांच्या टिपण्या माझ्या टेबलावरून गेल्या होत्या. दोन तर माझ्याच अक्षरातल्या. तीन निधी, तीन फाइली, म्हणून गाव एकच आहे हे मला कधी दिसलंच नाही. त्या पिशवीची आठवण आजही मला बसू देत नाही.

जमतं तेव्हा कसं जमतं, तेही सांगतो. सिंधुदुर्गात आधी जागतिक पर्यावरण सुविधेच्या पैशातून सागरी जैवविविधतेचं काम झालं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवायला लागल्या, ते त्याच कामातून. पुढे ऑक्टोबर २०१८मध्ये हरित हवामान निधीने महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी ४.३४ कोटी डॉलर मंजूर केले. तालुक्याचं पान उघडं असेल तर नवा पैसा जुन्या कामाच्या पुढे जोडता येतो. नसेल तर पुन्हा पहिल्यापासून सर्वेक्षण, पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा चहा-बिस्किटं.

त्याच प्रकल्पाचा एकूण आकडा जवळपास १३ कोटी डॉलरचा. म्हणजे दोन तृतीयांश भार निधीबाहेरचा, मुख्यतः आपल्याच राज्यांचा. म्हणून तुझ्या पानावर निधी, आणणारी संस्था, गावं, सुरुवात-शेवट हे रकाने हवेतच, पण सगळ्यात मोठा रकाना राज्याच्या हिश्श्याचा ठेव. तो पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातल्या कुठल्या लेखाशीर्षातून येणार, हे लिहून घेतल्याशिवाय सोडू नकोस. एकाच योजनेचा तोच रुपया दोन प्रस्तावांत 'राज्याचा हिस्सा' म्हणून दाखवलेला मी स्वतः पाहिलाय. दोन्ही फाइली आपापल्या जागी बरोबर होत्या! नाबार्डला एक फोन कर. अनुकूलन निधीचा पैसा आणणारी राष्ट्रीय संस्था तीच, हरित निधीची मान्यताही तिला आहे, आणि २०१५मध्ये सुरू झालेल्या आपल्या राष्ट्रीय अनुकूलन निधीची कामंही तीच बघत आलीय. निम्मं पान तिथेच भरेल.

आता तू ऐकलं असशील ते. मी एक प्रस्ताव पाच महिने अडवून धरला होता. अशाच दुहेरी कामापायी. तेवढ्यात पावसाळा आला, खार बंधारा फुटला, भाताच्या खाचरांत खारं पाणी शिरलं. माझ्यामुळे झालं असं लोक म्हणतात, अजून म्हणतात. मी तो प्रस्ताव पानन्‌पान वाचला होता. त्यात त्या बंधाऱ्यासाठी एक पैसा नव्हता. जनजागृती होती, कार्यशाळा होत्या, डॅशबोर्ड होता. मी त्याच दिवशी सही केली असती तरी तो बंधारा फुटणारच होता. हे मी त्या वेळी मोठ्याने सांगितलं नाही, ही चूक माझी. अडवलं ही चूक नाही, मला कुणीही काहीही म्हणो. पण मी फाइल नुसती धरून बसलो. 'हे काढा, इथे बंधारा घाला' असं लिहून परत पाठवायला हवी होती. तेवढं तू कर.

फक्त अडवून बसू नकोस, म्हणजे. आणि निमूटपणे पुढेही सरकवू नकोस. शुक्रवारच्या मसुद्यासोबत दीड पानाची टिपणी लाव. या दोन तालुक्यांत अमुक काम चालू आहे, ही गावं सामाईक आहेत, ती वगळावीत किंवा काम पुढे कसं जोडणार ते संस्थेने कळवावं, इतकंच. साहेब बहुतेक खोडतील. खोडू देत. टिपणी फाइलीत राहील, त्याखाली तुझी सही आणि तारीख राहील. राज्यातल्या माणसांवर चिडू नकोस. त्यांनाही वरून तारीखच मिळालेली असते. जमलं तर त्यांच्यातल्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्याचा नंबर मिळव. बंधारा कुठे खचलाय हे त्याला पाठ असतं.

माझी जुनी वही कुरियरने पाठवतोय. तालुक्यांच्या नावाने लावलेली आहे, निवृत्तीच्या आधी दोन वर्षं सुरू केली होती. मालवण आणि वेंगुर्ल्याची पानं पाण्याने फुगलीत, पण अक्षर लागतं. मागची चाळीस पानं कोरी आहेत.