वाचकांचे प्रश्न : अ‍ॅल्युमिनियमचे रिवेट ढिले का पडतात?

प्रश्न : १ मिमी जाडीचे दोन अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ३.२ मिमीच्या भरीव रिवेटने जोडले. डोकी छान गोल बसली, तरी काही दिवसांत पत्रे एकमेकांवर सरकू लागले. रिवेट सहज आत जावा म्हणून भोके ३.५ मिमीची पाडली होती. चूक कुठे झाली?

उत्तर : चूक भोकातच आहे. लाल तापवून मारलेला पोलादी रिवेट थंड होताना आखडतो आणि पाट्या आवळून धरतो. अ‍ॅल्युमिनियमचा रिवेट थंडच मारतात, त्यामुळे तशी आवळण त्याच्याकडून मिळत नाही. मार बसला की त्याचा दांडा आखूड होतो, फुगतो आणि भोकाच्या भिंतीला चिकटतो. पत्र्यांची आडवी ओढ हा फुगलेला दांडाच पेलतो. डोक्याकडे पाहून सांध्याची पारख करू नये ती यासाठीच.

३.२ मिमीच्या रिवेटला ३.३ मिमीचे भोक पुरते. त्यात दांड्याभोवती त्याच्या छेदाच्या सुमारे ६ टक्के जागा भरावी लागते. ३.५ मिमीच्या भोकात हीच जागा २० टक्क्यांवर जाते. तेवढे फुगण्याआधीच दांडा भोकात तिरका होतो, वर डोके तयार होते आणि आत पोकळी राहते. हलत्या भाराखाली ती पोकळी घासून वाढत जाते.

लांबीही मोजून घ्या. पत्र्यांच्या एकूण जाडीत रिवेटच्या व्यासाची दीडपट मिळवायची. तुमच्या कामात २ अधिक ४.८, म्हणजे ६.८ मिमी. ६ मिमीच्या दांड्यातून पुरेसे डोके निघत नाही, आणि ८ मिमीचा घेतला तर तो कलंडण्याचा संभव वाढतो. ठोकून घडवलेले डोके साधारण ४.८ मिमी रुंद आणि १.६ मिमी उंच यायला हवे.

भोके पाडल्यावर पत्रे सुटे करून दोन्ही बाजूंची बर, म्हणजे भोकाच्या कडेला उरलेला धातूचा खरखरीत कंगोरा, काढा. त्यासाठी जाड ड्रिल हातानेच एक-दोनदा फिरवले की झाले, कड खोल कापू नका. मग क्लॅम्प लावा, रिवेटचे मुळातले डोके स्नॅपच्या (खळगा असलेल्या पोलादी ठशाच्या) खळग्यात टेकवा आणि दांड्यावर भोकाचा सेट (दांडा आत जाईल असे भोक असलेला पोलादी ठोकणा) ठेवून पत्रे एकमेकांवर ठोकून बसवा. ही पायरी टाळली तर दांडा पत्र्यांमधल्या फटीत फुगतो, आणि ती फट मग कायमची राहते.

हातोडीचे मोजके, सरळ आणि जोरकस घाव घाला. हलक्या टिचक्यांनी फक्त वरचे टोक छत्रीसारखे पसरते, भोकातला दांडा मात्र जसाच्या तसा राहतो.

प्रश्न : नवे डोके घडवताना कडेला चिरा पडतात. रिवेट निकृष्ट असेल का?

उत्तर : तसे असेलच असे नाही. प्रत्येक घावाने धातू कडक होत जातो, त्यामुळे फार वेळ ठोकत राहिल्याने चिरा पडतात. दुसरे कारण मिश्रधातूचे. २११७ जातीचा रिवेट आहे तसा मारता येतो. २०२४ जातीचा मात्र आधी तापवून पाण्यात विझवावा लागतो. विझवल्यावर तो थोडा वेळच मऊ असतो, १०-२० मिनिटांत मारून व्हायला हवा. लगेच मारायचा नसेल तर अतिथंड ठेवतात, म्हणजे कडक होणे लांबते. विमानाच्या कामातल्या २११७ रिवेटच्या डोक्यावर मधोमध खळगा असतो, तर २०२४ च्या डोक्यावर दोन उठावदार रेघा. आधी ही खूण पाहा.

प्रश्न : स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याला अ‍ॅल्युमिनियमचे रिवेट चालतील का?

उत्तर : कोरड्या जागी चालून जातील, ओलाव्यात नकोत. दोन धातूंमध्ये पाणी आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतो, आणि मोठ्या स्टेनलेस पत्र्यापुढे इवलासा रिवेट फार लवकर खाल्ला जातो. तिथे स्टेनलेसचाच रिवेट घ्या. याउलट अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात स्टेनलेसचा रिवेट तितका घातक नसतो, तरी मध्ये प्रायमर किंवा सीलंट हवेच.

प्रश्न : ढिला रिवेट पत्रा न बिघडवता कसा काढावा?

उत्तर : रिवेटच्या मुळातल्या डोक्याच्या मधोमध पंच मारा. रिवेटच्या व्यासाचे किंवा त्याहून किंचित बारीक ड्रिल घ्या आणि फक्त डोक्याच्या उंचीइतकेच खोल जा. ड्रिल पत्र्यापर्यंत नेलेत तर भोक लांबट होते. मग पंच त्या खड्ड्यात घालून बाजूला दाबला की डोके तुटते. मागून पत्र्याला आधार देऊन दांडा ठोकून काढा.

भोक मोठे झाले असेल तर ४ मिमीचा रिवेट घ्या आणि भोक ४.१ मिमीचे करा. त्याआधी कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. ते व्यासाच्या दुप्पट, म्हणजे निदान ८ मिमी हवे. त्याहून कमी भरले तर ओढ बसताच पत्रा कडेकडून फाटेल, म्हणून तिथे जाड रिवेट न घालता मागे पट्टी लावून नव्या जागी भोक पाडा.