इन्फमस म्हणजे 'फेमस नसलेला' नव्हे

'इन्फेमस म्हणजे जो फेमस नाही तो, बरोबर ना?' असं विचारलंयस. नाही रे, फेमस तर तो असतोच, फक्त वाईट कारणाने. पेपरात 'कुप्रसिद्ध' किंवा 'कुख्यात' छापतात ना, तेच. शिकागोचा गुंड अल कपोन इन्फमस, गल्लीतला कोणाला माहीत नसलेला गायक नाही, त्याला अननोन म्हण.

आधी उच्चार सुधार, अर्धा घोळ तिथेच आहे. इन-फेमस नाही, इन्फमस, जोर पहिल्या 'इन'वर आणि 'फ' पटकन उरकायचा. तू 'फेमस' स्वच्छ म्हणतोस म्हणून मग वाटतं की इनकरेक्टसारखा पुढे नकार चिकटवलाय. मूळ लॅटिनमध्ये तो नकारच आहे म्हणा, पण आपल्या 'अपकीर्ती'सारखा, म्हणजे कीर्ती नसणं नाही, वाईट कीर्ती असणं.

याचंच नाम इन्फमी. अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर जपानचा हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट अमेरिकन काँग्रेससमोर म्हणाले की ही तारीख इन्फमीत जिवंत राहील. गंमत म्हणजे टाइप केलेल्या पहिल्या मसुद्यात तिथे 'जगाच्या इतिहासात' असं होतं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने खोडून इन्फमी लिहिलं. इतिहासात तर चांगल्या तारखाही राहतात, एका शब्दाने वाक्याला धार आली बघ.

नोटोरियस जवळचाच, पण रोजच्या तक्रारींना तोच बरा पडतो, म्हणजे अमुक घाट ट्रॅफिकसाठी नोटोरियस आहे, तमुक माणूस उशिरा येण्यासाठी. इन्फमस जरा जड, लाज वाटावी अशा कृत्यांना, घोटाळ्यांना जास्त शोभतो. दोन्हींच्या पुढे कारण सांगताना 'फॉर' लावायचा. आणि नोटोरियसचं मूळ नुसतं 'माहीत असलेला' एवढंच आहे, पुढे नासला, आपल्याकडे 'नामचीन' म्हटलं की पुढे गुंडच येतो तसा.

मस्करीत दोन्ही चालतात, जवळच्या माणसाला 'तुझा तो इन्फमस चहा' म्हटलं तर तो हसेल. अनोळखी माणसाला मात्र नको. मी नोकरीला नवीन असताना परदेशी क्लायंटला मेलमध्ये 'आमचा इन्फमस दिवाळी फराळ खायला या' असं अगदी अभिमानाने लिहिलं होतं, त्याचं एका ओळीत उत्तर आलं, 'इतका वाईट असतो का?'