जुनी गाडी घेताना फसवणूक कशी टाळावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात नोकरी आहे, बजेट चार लाखांपर्यंत, घरात लहानमोठी पाच माणसं, महिन्यातून दोनदा कराडला जाणं होतं आणि गाडी पहिल्यांदाच घेताय. जाहिरातीतली सात वर्षांची एक पेट्रोल हॅचबॅक आवडलीय. 'फर्स्ट ओनर, ३१ हजार किलोमीटर'. विकणारा म्हणतोय की उद्याच टोकन द्या, मागे दुसरं गिऱ्हाईक आहे.

टोकन उद्या देऊ नका. गिऱ्हाईक खरोखर असेल तर गाडी जाईल, तेवढंच. अशी दुसरी गाडी पुण्यात महिनाभरात सापडते.

मी सांगलीत गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघातात, पुरात सापडलेल्या गाड्यांचं नुकसान मोजणं हे माझं काम. म्हणून इंजिनच्या आवाजापासून सुरुवात न करता मी तुम्हाला आधी विम्याची पॉलिसी मागायला सांगेन.

पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' किती टक्के लिहिलाय ते बघा. वर्षभर क्लेम घेतला नाही तर पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५०. सात वर्षांची, एकाच मालकाची, 'एक ओरखडा नाही' म्हणून सांगितलेली गाडी असेल तर तिथे ५० दिसायला हवेत. २० दिसले तर क्लेम फार जुना नाही. शून्य दिसलं तर गेल्याच वर्षीचा असू शकतो, किंवा मधे पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बंद पडली असेल. दोन्हीपैकी काय झालं ते मालकाला सरळ विचारा. क्लेम घेतला म्हणजे गाडी वाईट असं अजिबात नाही, बंपर बदलायलाही लोक क्लेम घेतात. पण बिल दाखवायला तो का-कू करत असेल तर मला ती गाडी नको. उलट ५० टक्के दिसले म्हणून डोळे मिटूनही घेऊ नका, कारण बोनस शाबूत ठेवणारं जादा कव्हर काही जण घेतात. नुसता थर्ड पार्टी विमा (फक्त समोरच्याच्या नुकसानीचा) असेल तर हा आकडा नसतोच. मग जुन्या पॉलिसी मागा.

आता पुराबद्दल. यावर जरा जास्त लिहितो, कारण हे मी जवळून पाहिलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही कित्येक दिवस चिखलाने भरलेल्या गाड्याच बघत होतो. त्याच सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढ्याने गाड्या वाहून नेल्या आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडची तीच गत झाली. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी आहे त्या अवस्थेत लिलावाने विकली जाते. घेणारे सगळेच ती भंगारात काढत नाहीत. काही गाड्या धुऊन, वाळवून, नवी सीटकव्हर चढवून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला उभ्या राहतात.

अशी गाडी पहिले काही महिने नीट चालते. मग वायरिंगचे जोड आतून हिरवे पडायला लागतात. एक दिवस काच खाली होत नाही, पुढच्या महिन्यात गाडी सिग्नलला बंद पडते. आणि एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणारा डबा बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन सीटच्या मधे, अगदी तळाशी बसवलेला असतो. सीटच्या बैठकीपर्यंत पाणी चढलं म्हणजे तो बुडालाच. माझ्या आतेभावाने अशीच एक सेडान एका डीलरकडून घेतली होती, मला न विचारता. आठ महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागला म्हणून गॅरेजला नेली, कार्पेट उचललं आणि खाली वाळलेल्या गाळाचा थर निघाला. तेवढे महिने त्या गाडीत त्याची लहान मुलं बसत होती. ते आठवलं की मला अजून राग येतो.

म्हणून एवढं कराच. मागच्या आणि पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत, पूर्ण बाहेर ओढा. गाडी धुणारे बेल्टचा दिसणारा भाग धुतात, गुंडाळलेला भाग तसाच राहतो. तिथे मातकट पट्टा किंवा डाग दिसला तर तिथूनच परत फिरा. डिकीतलं स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून तिच्या रुळांवर आणि बोल्टांवर बोट फिरवा. आतल्या बोल्टना बाहेरच्यापेक्षा जास्त गंज असेल तर पाणी आत शिरलं होतं. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असण्याची शक्यता मोठी. आणि गाडीत शिरताच सुवासिक फवाऱ्याचा भपकारा आला तर काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, खालचा कुबट वास तेवढ्या वेळात वर येतो.

३१ हजार किलोमीटरचं म्हणाल तर सात वर्षांत तेवढंच चालणं अशक्य नाही. निवृत्त माणसाची गाडी तशी असू शकते. पण मीटर मागे करणं हल्ली लॅपटॉपवरचं काम आहे, त्यामुळे आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी टायर वाचा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३२२१' म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. गाडीबरोबर आलेले टायर साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जातात. गाडी २०१८ ची, टायर २०२१ चे आणि तेही आता गुळगुळीत झालेले असतील, तर टायरचा दुसरा जोडही संपत आलाय. मग ३१ हजार कुठून? टायर वय झालं म्हणूनही बदलतात, पण त्याचं बिल असतं. सोबत ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि ड्रायव्हर सीटची दबलेली कड बघा. मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलात तर कोणत्या तारखेला किती किलोमीटर होते ते तिथल्या कॉम्प्युटरवर दिसतं. दोन वर्षांपूर्वी ५८ हजार आणि आज ३१ असली प्रकरणं तिथेच उघडी पडतात.

अपघाताचं थोडक्यात सांगतो. डेंटिंग-पेंटिंग झालेलं चालतं, सांगाडा कापून जोडलेला चालत नाही. दाराचं रबर हाताने ओढून काढा. आतल्या पत्र्यावर कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतरावर दिसतात, तिथे लांबी (पुटी) भरलेली किंवा ओबडधोबड वेल्डिंग दिसलं तर सोडून द्या. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग पान्याने उडालाय का तेही बघा. बाकी क्लच, सस्पेन्शन, एसी, धूर हे तुमच्या ओळखीच्या मेस्त्रीवर सोपवा. त्याचे हजार-दीड हजार जड वाटू देऊ नका. डीलरने सुचवलेला मेस्त्री मात्र नको.

गाडीची निवड चांगली आहे. पुणे-कराड एका बाजूने साधारण १६० किलोमीटर, म्हणजे महिन्याचे साडेसहाशेच्या आसपास आणि शहरातलं वेगळं. एवढ्या वापराला जुनी डिझेल घेण्यात अर्थ नाही. पाच माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढायचा, म्हणून एक लिटरपेक्षा बाराशे सीसीचं इंजिन घ्या एवढंच माझं मत. दिल्लीची स्वस्त गाडी कुणी दाखवली तर मोहात पडू नका. तिथे दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवण्यावर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे येतात, पण तिकडची एनओसी (ना-हरकत पत्र), इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हा सगळा खर्च तुमच्या अंगावर येतो. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी.

भावाची घासाघीस करताना मालकाने गाडी केवढ्याला घेतली होती हे ऐकू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. नवीच स्वस्त झाली, तर जुनीने जुन्या भावात का जावं? आजचा शोरूमचा भाव विचारून घ्या आणि तिथून खाली मोजा.

कागदांत आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा, सतरा अक्षरं-आकडे असतात. एमपरिवहन ॲपवर कर्जाचा बोजा दिसतोय का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनं मालकाकडून भरून घ्या. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते ड्रॉवरमध्ये ठेवून देणारे फार लोक मी पाहिलेत. मालकी बदलण्याचा अर्ज घेणाऱ्याने ३० दिवसांत करायचा असतो आणि विमा नावावर करायला १४ दिवसांत कळवायचं असतं. ते राहिलं आणि तेवढ्यात गाडी ठोकली, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. माझ्या टेबलावर अशा फाइली येतात आणि मला काही करता येत नाही. विकणारा 'करू की सावकाश' म्हणाला तर त्यालाही सांगा की सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात पडते. हे ऐकल्यावर बहुतेक जण दुसऱ्या दिवशी सोबत यायला तयार होतात. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा वाढीव हप्ता बजेटमध्ये आधीच धरा.

आज रात्री विकणाऱ्याला फोन करून दोनच गोष्टी मागा. पॉलिसीच्या पानांचे फोटो, आणि रविवारी सकाळी आठ वाजता गाडी अजिबात सुरू न करता उभी ठेवायची. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघा. थंड असेल तरच चावी फिरवायला सांगा, आणि तेव्हा तुम्ही मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. निळसर धूर निघाला किंवा बॉनेट गरम लागलं, तर मेस्त्रीला घेऊन पुढची गाडी बघायला निघा.